नापास कापडाचं उद्घाटन

आमच्या घरात धड कापड कधी आलंच नाही. त्याचं कारण गरिबी नव्हतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, भिवंडीतल्या एका लूमच्या कारखान्यात कापड तपासायला होते, आणि ते जे नापास करायचे त्यातले तुकडे आमच्या घरी यायचे. उशांचे अभ्रे, आईचे परकर, खिडकीचे पडदे, पोळ्यांच्या डब्यातलं फडकं, सगळं नापास. कुठे तार तुटलेली, कुठे तेलाचा डाग, कुठे धाग्यांनी एकमेकांत गुंतून जाळं धरलेलं. कापड असंच असतं, अशी माझी लहानपणी समजूत होती. मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा बिनचुकीची चादर पाहिली तेव्हा मला वाटलं, हिच्या चादरीत काहीतरी घालायचं राहून गेलंय.

अप्पांचं काम उभ्याचं. समोर तिरकं टेबल, त्याच्या मागे ट्यूबलाइट, आणि लूमवरून उतरलेला कापडाचा ताका त्या उजेडावरून हात हात ओढत न्यायचा. चूक दिसली की निळ्या खडूने गोल करायचा. नाही दिसली तर काहीच करायचं नाही. चांगल्या कापडाची पाठ कोण थोपटणार? अडतीस वर्षं हे केल्यावर माणसाची नजर तशीच होते. अप्पा भाजीवाल्याकडे, घरी आलेल्या पाहुण्याकडे, नव्या कॅलेंडरकडे, सगळ्याकडे त्याच नजरेने बघायचे.

माझी चित्रंही त्याच टेबलावरून गेली. आठवीत असताना मी एक घोडा काढला होता. आठवडाभर खपून काढलेला, आयाळीचा केस न् केस वेगळा. अप्पांनी कागद उजेडाकडे धरला, मागच्या डाव्या पायावर बोट ठेवलं, "इथे रेघ हललीय" म्हणाले आणि कागद परत दिला. रेघ खरोखरच हललेली होती. त्याचाच जास्त राग आला मला.

पुढे मी चित्रकलेची बाई झाले. पंचवीस वर्षं भिवंडीतच मुलांना वस्तुचित्र आणि संकल्पचित्र शिकवते आहे, आणि घरी येऊन स्वतःचं काहीबाही करत असते. या सगळ्या वर्षांत अप्पांनी माझं एकही काम दोन मिनिटांपेक्षा जास्त पाहिलं नाही. चूक सापडली की त्यांचं बघणं संपायचं. मला त्यांची शाबासकी नको होती. म्हणजे, खोटं कशाला बोलू, हवी होती, पण तिची आशा मी केव्हाच सोडली होती. एवढंच वाटायचं की या माणसाने एकदा तरी, आयुष्यात एकदाच, मी केलेली एखादी गोष्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत बघावी.

गॅलरीचं सगळं घडलं ते गेल्या हिवाळ्यात. माझी एक जुनी विद्यार्थिनी, भिवंडीजवळच्या वळ गावची, मुंबईला चित्रकला शिकून परत आली. तिच्या वडिलांची भातशेती होती तिथे आता गोदामांची रांग आहे, आणि त्या रांगेतला एक गाळा रिकामा झाला होता. डाव्या हाताला फरशांचं गोदाम, उजव्या हाताला लहान मुलांच्या डायपरचं, आणि मधल्या गाळ्यात हिला काढायची होती आर्ट गॅलरी. तिचे वडील, ज्यांना मी काका म्हणते, ते हट्टी असले तरी लेकीपुढे विरघळणारे. "सा महिने देतो," ते म्हणाले. "न्हाय चालली तं डायपरवाला गाळा मागतोच हाय."

मुलीने मला फोन केला. "मॅडम, पहिलं प्रदर्शन तुमचं."

मी ठामपणे नाही म्हणाले. माझं वय, माझी शाळा, माझी लायकी, सगळी कारणं नीट सांगितली. फोन ठेवला, पाच मिनिटं स्वयंपाकघरात येरझारा घातल्या आणि तिला परत फोन करून हो म्हणाले.

दाखवायला माझ्याकडे होतं ते नापास कापडच. दोन-तीन वर्षांपूर्वी आईची ट्रंक आवरताना ते सगळे अभ्रे आणि परकर हाताला लागले होते, आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी प्रत्येक चुकीभोवती लाल दोऱ्याने बारीक धावदोऱ्याचं वर्तुळ भरायला सुरुवात केली. शाळेतून आल्यावर रोज तासभर. मग हाव सुटली. एक कारखाना बंद पडत होता, तिथून एका खराब ताक्यातला बारा मीटरचा सलग तुकडा मिळवला आणि त्याच्या मागे दीड वर्ष बसले. मान आखडली, चष्म्याचा नंबर वाढला, पण बारा मीटर पुरे केले. प्रदर्शनाला नाव दिलं 'नापास'.

अप्पांना सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते. पेपर खाली आला.

"चूक बाहेर जाऊ नये म्हणून मी अडतीस वर्षं उभा राहिलो," ते म्हणाले. "आणि तू ती भिंतीवर टांगून लोकांना बोलावणार?"

"हो."

"मी येणार नाही." पेपर परत वर गेला.

"नका येऊ," मी म्हणाले, आणि चहाचा कप असा आपटला की कान तुटला. आमच्या घरात राग कुणाकडून कुणाकडे आला आहे हे वेगळं सांगायला नको.

उद्घाटनाचा दिवस उजाडला तेव्हा मला चहाही जाईना. आईला घेऊन मी चार वाजताच वळला पोचले. गाळ्यासमोर पाऊल ठेवलं आणि हबकलेच. दाराला झेंडूची तोरणं, बाहेर मांडव, प्लास्टिकच्या लाल खुर्च्या, आणि मांडवाच्या कोपऱ्यात कढईत जिलेबी चालू. काकांनी लेकीला न विचारता लग्नासारख्या पत्रिका छापल्या होत्या. वर गणपती, खाली 'सहकुटुंब सहपरिवार येणेचे करावे', आणि अगदी तळाला 'कृपया आहेर आणू नये'. लेक कपाळाला हात लावून उभी होती.

"गावात पहिली गॅलरी हाय," काका म्हणाले. "मंग लोकांना सांगायला नको?"

लोकांना सांगणं फारच चांगलं झालं होतं. साडेपाचपासून रिक्षा आणि टेम्पो येऊन उभे राहायला लागले. बायका लग्नाच्या साड्या नेसून, गजरे घालून आल्या. काकूंनी समई लावली आणि तिथेच मोठी गडबड झाली. आत समई लागलेली दिसल्यावर कोण चपला घालून जाईल? पहिल्या बाईने उंबऱ्यापाशी चपला काढल्या, तिच्या मागच्या सगळ्यांनी काढल्या, आणि अर्ध्या तासात दारात चपलांचा असा ढीग झाला की मुंबईहून आलेल्या पाच-सहा पाहुण्यांनीही निमूट बूट काढले. त्यांच्यात एक कलेवर लिहिणाऱ्या बाई होत्या, काळी साडी, मोठं चांदीचं कानातलं. गोदामाच्या गार फरशीवर त्या अनवाणी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या.

काकांनी नारळ फोडला. काकू हळदीकुंकवाचं ताट घेऊन पहिल्या अभ्र्याकडे निघाल्या. नवीन मशीन आलं की त्याला कुंकू लावतात, मग चित्राला का नको, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यांची लेक धावली. शेवटी तोडगा निघाला आणि काकूंनी अभ्र्याच्या शेजारी भिंतीला कुंकवाची पाच बोटं लावली. मला ते अभ्र्यापेक्षा सुंदर दिसलं, हेही सांगून टाकते.

आई एव्हाना आत फिरत होती. अचानक तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"अगं, हा माझा परकर!"

"हो ना, तुला सांगितलं होतं."

"परकर म्हणालीस. नाडीसकट टांगशील हे कुठे म्हणालीस?" तिने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "हे सगळे पुरुष उभे राहून माझी नाडी बघतायत."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासूनची धास्ती तिथे कुठेतरी सुटली, आणि त्यानंतर मला नुसतं उधाण आलं. माझ्या आयुष्यात माझ्या कामासमोर इतकी माणसं कधी उभी राहिली नव्हती. मी लग्नघरातल्या वरमाईसारखी या टोकाकडून त्या टोकाकडे नुसती पळत होते. शाळेतल्या बाई आल्या होत्या, कोन गावाहून माझी मावशी आली होती, शेजारच्या गोदामातले हमाल ड्युटी संपवून हात धुऊन आत आले होते. वळच्या दोन म्हाताऱ्या बारा मीटरच्या कापडासमोर उभ्या होत्या, आणि मी त्यांच्या मागे कान देऊन उभी राहिले.

"हे फाटलेलं कशाला लावलंय?" पहिली म्हणाली.

"फाटलेलं न्हाय गं. चुकलेलं हाय. चूक हाय तिथं तिनं गोल केलाय."

"गोल करून काय झालं? नीट करायचं ना."

"नीट न्हाय करायचं. बघायचं."

पहिलीने जरा विचार केला. "मंग माझी सून भाकर जाळते तिला बी गोल करून भितीवर ठेवू?"

"ठेव की. मुंबईची लोकं येतील बघायला."

दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मुंबईच्या बाई तेवढ्यात माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या की या लाल वर्तुळांमध्ये त्यांना एक गाढ शांतता जाणवते आहे. बाहेर एक कंटेनर रिव्हर्स घेत होता आणि त्याचा भोंगा कानठळ्या बसवत होता. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर भाकरीची गोष्ट मला जास्त कळली होती.

सव्वासात वाजता दारात रिक्षा थांबली आणि अप्पा उतरले.

पांढरा शर्ट, कडक इस्त्री. मी आईकडे बघितलं.

"येणार नाही म्हणाले होते ना?"

"म्हणाले होते," आई म्हणाली. "आणि दुपारी शर्ट इस्त्रीला देऊन आले."

अप्पांनी चपला काढून ढिगापासून बाजूला, भिंतीला लावून नीट ठेवल्या. कुणाशी बोलले नाहीत. काकांनी नमस्कार केला, त्याला नमस्कार केला आणि सरळ आत आले. पन्नाशीला आलेली बाई मी, डोक्यात पांढरे केस, आणि मी मात्र आठवीतल्या पोरीसारखी भिंतीला चिकटून उभी राहिले.

पहिल्या अभ्र्यासमोर ते मिनिटभर थांबले. दुसऱ्याजवळ त्याहून कमी. परकर त्यांनी ओळखला असणार, कारण तिथे न बघताच पुढे झाले. मी मनातल्या मनात मोजत होते. झालं, दोन मिनिटांत सगळं आटपणार आणि रिक्षा बघायला बाहेर जाणार.

मग ते बारा मीटरच्या कापडाच्या डाव्या टोकाशी आले आणि थांबले. वर बसवलेल्या दिव्यांचा उजेड कापडावर तिरका पडत होता. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. 'हात लावू नये' असं लिहिलेल्या पाटीवरूनच हात पुढे गेला आणि कापडाची कड चिमटीत आली. मी कुणाशीतरी बोलत होते. कुणाशी ते आठवत नाही, कारण त्याच क्षणी मला दिसलं की अप्पांचा दुसरा हात शर्टाच्या खिशात गेला आहे.

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात निळा खडू असतो. आई शर्ट धुवायला टाकताना तो काढून ठेवते, ते परत घालतात. तो खडू बाहेर आला आणि माझ्या दीड वर्षाच्या कापडावर, माझ्या दोन लाल वर्तुळांच्या मधोमध, अप्पांनी एक निळा गोल केला. जरा पुढे सरकले आणि दुसरा केला.

"मॅडम," गॅलरीची मुलगी पांढरीफटक पडून माझ्याजवळ आली, "तुमचे वडील..."

मी धावले. मध्ये कुणाच्या तरी जिलेबीच्या बशीला धक्का लागला.

"अप्पा! हे काय चाललंय?"

त्यांनी मान वळवली नाही. "तुझ्या सुटल्यात."

"काय सुटल्यात?"

"चुका. या पहिल्या दोन मीटरांत तू सात धरल्यास. चौदा आहेत."

"अप्पा, हा ताका नाही! हे चित्र आहे! लोक बघायला आलेत, आणि तुम्ही इथे कारखाना काढलात!" माझा आवाज इतका चढला की मांडवातली माणसं आत डोकावायला लागली. मुंबईच्या बाई, काका, काकू, शाळेतल्या बाई, सगळे वळून आमच्याकडे बघत होते. माझं डोकं फिरलं होतं. या माणसाला माझी एक गोष्ट, एक गोष्ट, धड राहू द्यायची नाही असं मला वाटलं, आणि ते मी बोलूनही दाखवलं. "एक दिवस तरी मला पास करायचं होतंत!"

अप्पा आता वळले. त्यांना राग आला नव्हता. उलट कामात असताना कुणी हटकलं की चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा होता.

"नाव काय दिलंयस?" त्यांनी विचारलं.

"नापास."

"मग नीट नापास कर. अर्ध्या चुका दाखवायच्या आणि अर्ध्या तशाच सोडायच्या, ही लोकांची फसवणूक झाली. चूक दाखवणार म्हणालीस ना? सगळ्या दाखव."

आणि ते परत कापडाकडे वळले.

मी खडू हिसकावायला हात पुढे केला आणि मागे घेतला. कारण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पहिली चूक सापडून बराच वेळ झाला आहे. दुसरीही सापडली, तिसरीही. आणि अप्पा अजून तिथेच उभे आहेत. गेले नाहीत. एक पाऊल उजवीकडे सरकले आहेत आणि कापडाला नाक लावून बघत आहेत. मी गॅलरीच्या मुलीचा हात धरला आणि तिला हळूच म्हणाले, "राहू दे. काही बोलू नकोस त्यांना."

बोललं ते दुसरंच कुणीतरी.

"साहब, ये फॉल्ट नहीं है."

शेजारच्या डायपरच्या गोदामाचा वॉचमन होता तो. साठीचा, खाकी गणवेश, हातात बूट. त्याला मी मघापासून आत-बाहेर करताना पाहिलं होतं. अप्पा सावकाश वळले. अडतीस वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलेलं नसावं.

"किसने बोला?"

"मैं बोल रहा हूँ. तीस साल लूम चलाया है, इसी भिवंडी में. लूम बिक गए, तब से इधर चौकीदारी." तो पुढे आला आणि अप्पांच्या ताज्या निळ्या गोलावर वाकला. "यहाँ बत्ती गई थी. बत्ती वापस आती है ना, तो पहला धागा ढीला बैठता है. उसकी ये लकीर है. ये कारीगर के हाथ का नहीं है."

"कपडे में दिखती है की नहीं?" अप्पांचं हिंदी असंच आहे.

"दिखती है."

"तो फॉल्ट है."

"फॉल्ट तो है साहब. लेकिन उसका नाम कारीगर के खाते में क्यों?"

आता सगळे जवळ सरकले. हमालांपैकी एक जण म्हणाला की बरोबर आहे, त्याचा भाऊही लूमवर होता, बत्तीमुळे त्याला नेहमी बोलणी बसायची. काका म्हणाले, कापड घेणारा बत्ती बघत नाही, कापड बघतो. भाकरीवाली म्हातारी म्हणाली, "मंग गॅस संपला म्हनून भाकर कच्ची ऱ्हायली तं ती कोनाची चूक?" तिची मैत्रीण म्हणाली, "तुझ्या सुनेची न्हाय, बाय, एवढं तरी मान." पुन्हा हशा. मुंबईच्या बाईंनी वही काढली, लिहायला सुरुवात केली आणि मग लिहिणं सोडून नुसतं ऐकायला लागल्या. पंचवीस वर्षं मी मुलांना सांगत आले की चित्राबद्दल बोला, वाद घाला. अशी चर्चा माझ्या वर्गात एकदाही झाली नव्हती.

वॉचमनला आता रंग चढला होता. त्याने बोट पुढे नेलं. "ये देखिए, एक के पीछे एक तीन गाँठ. धागा टूटा, जोडा, फिर टूटा, फिर जोडा. सुबह की तरफ का टाइम होगा, नींद आ रही होगी बेचारे को. और ये देखिए, यहाँ से यहाँ तक एकदम साफ." त्याने हातभर कापडावरून हवेतच तळहात फिरवला. "यहाँ चाय पीके आया है."

सगळा गाळा हसला. आईसुद्धा, नाडी विसरून. अप्पा हसले नाहीत. ते त्या हातभर साफ कापडाकडे बघत होते, जिथे खडूला काहीच काम नव्हतं.

"हे मला कधी कुणी सांगितलं नाही," ते मराठीतच म्हणाले.

वॉचमनला मराठी पुरतं कळत होतं. "आपने कभी पूछा नहीं, साहब." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. जसं होतं तसं सांगितलं त्याने.

अप्पांचा हात खडूसकट खिशाकडे गेला. मला वाटलं, आता रागावून निघून जातील. मी त्यांना ओळखते, किंवा ओळखते असं समजत होते.

"हो," ते म्हणाले. "नहीं पूछा." मग खडूने पुढचा डाग दाखवला. "ये कैसे होता है?"

"ये? ये तो तेल है साहब, इसमें मेरी भी गलती निकलेगी," वॉचमन म्हणाला, आणि दोघे शेजारी शेजारी वाकले.

त्यानंतरचा तासभर मी जन्मात विसरणार नाही. अप्पा चूक शोधायचे, निळा गोल करायचे आणि विचारायचे, वॉचमन सांगायचा. दोघांच्या मागून पंधरा-वीस माणसं एक एक पाऊल सरकत होती. देवाच्या पालखीमागेही आमच्याकडे इतकी शिस्त नसते. एखादी चूक अप्पांच्या नजरेतून सुटली असं वाटलं की मागून कुणीतरी ओरडायचं, "साहब, इधर, इधर!" आणि अप्पा ते तपासून गंभीरपणे मान हलवायचे, "तो नुसता धुळीचा कण आहे, झटका." माझ्या लाल वर्तुळांपैकी दोन त्यांनी चक्क रद्द केली. तिथे चूकच नव्हती म्हणाले, मी उगाच कापडावर आळ घेतला होता. मी भांडले. एका वर्तुळावरून आम्ही चांगली पाच मिनिटं भांडलो, आणि मी जिंकले. वॉचमनने माझ्या बाजूने साक्ष दिली. अप्पांशी भांडून मी याआधी कधी जिंकले असेन तर मला आठवत नाही.

मुंबईच्या बाई निघताना म्हणाल्या, खडू झटकता येईल, काळजी करू नका. मी म्हणाले, "कुणी बोट लावून तर बघा." त्या हसल्या आणि चपलांच्या ढिगात आपला बूट शोधायला वाकल्या. डावा लगेच सापडला, उजवा सापडायला दहा मिनिटं लागली.

साडेआठला गोदामांचं मोठं गेट बंद करतात. माणसं पांगली. वॉचमनची रात्रपाळी सुरू झाली, तो अप्पांना सलाम करून गेला. जिलेबीची कढई उतरली. काका शटरची काठी घेऊन आत आले आणि बघतात तर अप्पा अजून नवव्या मीटरवर.

"बाई, बंद करायचा टाइम झाला," ते मला म्हणाले.

"काका, थोडा वेळ. पाया पडते तुमच्या."

काकांनी अप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय समजायचं ते समजले असावेत. काठी भिंतीला टेकवली, लेकीलाही बाहेर नेलं आणि गेटवाल्याशी गप्पा मारत बसले.

आता आत आम्ही तिघंच. आई लाल खुर्चीवर, पाय वर घेऊन. मी अप्पांच्या मागे दोन पावलांवर. आता चूक सापडली तर ती कशी झाली हे सांगायला कुणी नव्हतं, तरी अप्पा प्रत्येक ठिकाणी थांबत होते. खडूचा लहानसा तुकडा उरला होता. दहावा मीटर. अकरावा. मला एकदम खूप भीती वाटायला लागली होती की ते मध्येच थांबतील, कंबर धरतील, "बास झालं" म्हणतील. त्यांचं वय झालंय, दीड तास उभे आहेत, थांबले असते तर त्यात वाईट काहीच नव्हतं. पण मनातून मी लहान पोरीसारखी म्हणत होते, नका थांबू, थोडंच राहिलंय.

ते थांबले नाहीत. शेवटची कड आली. अप्पांनी ती वरपासून खालपर्यंत बोटांनी चाचपली. मग चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला, आणि उजवीकडे, जिथे कापड संपून नुसती मोकळी भिंत होती, तिकडे बघायला लागले.

"पुढचा कुठाय?"

"पुढचा नाही, अप्पा. एवढाच केलाय मी."

"एवढाच?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका खराखुरा हिरमुसला की मी तिथेच, आईच्या देखत, हमसून रडायला लागले.